रक्ताचें ऋण

'रक्ताचें नातें' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणें करतों कीं त्याचा अर्थ निरखून पाहण्याची आपणांस क्वचितच गरज भासते. रक्ताचें नातें म्हणजे हक्काचें नातें, असा त्याचा सामान्य भाव. वडिलार्जित मिळकतींतील वांटा, भावाच्या घरचा मुक्काम, आजोळचे लाड, सोयरसुतकांतील भागीदारी, हें सर्व त्या एका शब्दांत येतें. परंतु गेल्या पन्नास वर्षांत वैद्यकशास्त्रानें त्यास एक नवा आणि अवघड अर्थ जोडून दिला आहे. एकाचें रक्त तपासलें असतां दुसऱ्याच्या आयुष्याविषयीं कांहीं कळूं शकतें. आणि ज्याला तें कळलें त्यानें तें दुसऱ्यास सांगावें कीं न सांगावें, हा प्रश्न उभा राहतो. रक्त तपासणें हें वैद्याचें काम खरें. परंतु सांगावें कीं न सांगावें हा निर्णय नीतीच्या प्रांतांतला आहे, आणि त्या प्रांतांत वैद्येतर माणसानें विचार करण्यास कोणाची हरकत नसावी.

आम्हांस हा विचार करणें भाग पडलें तें एका प्रसंगामुळें. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीस वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया व औषधोपचार होऊन ती बरी झाली. परंतु डॉक्टरांनीं तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी करविली, तींत बीआरसीए-१ या जनुकांत दोष आढळला. तिची आत्या बीजांडकोशाच्या कर्करोगानें पूर्वींच वारली होती. तेव्हां हा दोष वडिलांकडून आला असावा असें अनुमान निघालें. वडील हयात नव्हते. काका होते, आणि काकांस सत्तावीस वर्षांची एक मुलगी होती. नातेवाइकांच्या कानांवर ही गोष्ट घालावी, असें डॉक्टरांनीं सांगितलेलें. पण काकांच्या घरीं त्याच सुमारास मुलीच्या लग्नाची बोलणीं चाललीं होतीं. काकांनीं हात जोडून सांगितलें, "बाळ, लग्न होईपर्यंत तोंड उघडूं नकोस. घराण्याला डाग लागला तर पोरीला कोण करून घेईल?"

ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही आम्हांला नीतिशास्त्र शिकविलेंत. मीं काय करावें?"

आम्हीं थोडा विचार केला आणि म्हणालों, "दोनचार महिन्यांचाच प्रश्न आहे. लग्न होऊन जाऊं दे, मग सांग." त्या वेळीं हा सल्ला आम्हांस व्यवहाराचा आणि दयेचाहि वाटला. ती कांहीं बोलली नाहीं. चहा घेऊन निघून गेली. पुढें तिनें काय केलें तें शेवटीं सांगूं. तूर्त एवढेंच म्हणतों कीं, ती गेल्यावर आमच्या मनास जी रुखरुख लागली तिनें आम्हांस या विषयावरील पुस्तकें धुंडावयास लाविलें, आणि त्यांतून एका विदुषीच्या कार्याची ओळख झाली. तें कार्य समजून घेतलें असतां आमच्या प्रश्नाचें निम्में उत्तर मिळतें, म्हणून तें थोडें विस्तारानें सांगतों.

मेरी-क्लेअर किंग यांचा जन्म १९४६ सालीं अमेरिकेंत झाला. त्यांचें पहिलें शिक्षण गणिताचें. पुढें कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें ॲलन विल्सन यांच्या हाताखालीं त्यांनीं माणूस आणि चिंपांझी यांच्यांतील प्रथिनांची तुलना केली, व दोघांत फरक किती अल्प आहे हें १९७५ सालीं त्या दोघांनीं जगापुढें मांडलें. त्यानंतर त्या वळल्या एका अगदीं निराळ्या प्रश्नाकडे. कांहीं कुटुंबांत आई, मावशी, बहीण, मुलगी अशा ओळीनें स्तनाचा कर्करोग होतो. फ्रेंच शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनीं असें एक कुटुंब १८६६ सालींच नोंदून ठेविलें होतें. हा योगायोग म्हणावा, राहणीचा परिणाम म्हणावा, कीं वारसा म्हणावा? १९७०-८० च्या दशकांत पुष्कळ शास्त्रज्ञांचें लक्ष कर्करोगाच्या विषाणूंकडे लागलें होतें. आणि इतका सार्वत्रिक व गुंतागुंतीचा रोग एखाद्या एकट्या जनुकामुळें होत असेल, ही कल्पना बहुतेकांस पटणारी नव्हती. किंग यांचें म्हणणें असें कीं, सर्व रुग्णांत नसेल, पण कांहीं कुटुंबांत तरी असें जनुक असलें पाहिजे, आणि गणिताच्या साहाय्यानें तें हुडकून काढतां येईल.

हुडकावयाचें कसें? युक्ति साधी, पण चिकाटीची होती. ज्या कुटुंबांत रोग वारंवार दिसतो त्यांतील निरोगी व रोगी अशा सर्व माणसांचें रक्त घ्यावयाचें आणि त्यांत सहज ओळखतां येईल अशी एखादी वारशानें येणारी खूण पाहावयाची. जी खूण पिढ्यानपिढ्या रोगाच्या सोबतीनें उतरते, तिचें जनुक आणि रोगाचें जनुक हीं एकाच गुणसूत्रावर शेजारीं शेजारीं असलीं पाहिजेत. म्हणजे चोराचें घर ठाऊक नाहीं, पण शेजाऱ्याचें ठाऊक आहे. तर शेजाऱ्याचें दार ठोठावावें, असा हा प्रकार. त्या काळीं अशा खुणा फार थोड्या होत्या, आणि त्यांतील बऱ्याचशा रक्तांतील तांबड्या पेशींवर किंवा त्यांच्या पोटांत सांपडत. रक्तगट ही त्यांतली सर्वांत परिचित खूण. तांबड्या पेशींतील निरनिराळीं एन्झाइमें ही दुसरी.

येथें एक नवल सांगण्यासारखें आहे. माणसाच्या अंगांतील बहुतेक सर्व पेशींत केंद्रक असतो आणि त्या केंद्रकांत वारशाची सबंध पोथी असते. पक्व तांबडी पेशी मात्र आपला केंद्रक टाकून देते. सुमारें एकशेंवीस दिवसांच्या आयुष्यांत प्राणवायु वाहून नेणें हेंच तिचें काम. म्हणजे जिच्यापाशीं पोथी उरलेली नाहीं तिच्याच अंगावरील ठशांवरून संशोधक पोथीचीं पानें ताडूं पाहत होते. १९८० सालीं किंग व त्यांचे सहकारी यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, ग्लुटामेट-पायरुव्हेट ट्रान्सअमिनेज या एन्झाइमाच्या जनुकाशेजारीं स्तनाच्या कर्करोगाची प्रवृत्ति देणारें जनुक असण्याचा संभव आहे. त्या एन्झाइमाचे वंशपरंपरागत भेद तांबड्या पेशींतच ओळखतां येत. परंतु पुढें अधिक कुटुंबें तपासल्यावर हा धागा टिकला नाहीं. दार चुकीचें होतें. तें एन्झाइम आठव्या गुणसूत्रावरील. शोध लागावयाचा होता सतराव्यावर.

त्याला आणखी दहा वर्षें लागलीं. तोंवर गुणसूत्रांवरील खुणा प्रत्यक्ष डीएनएमध्येंच वाचतां येऊं लागल्या होत्या. १९९० सालीं तेवीस विस्तृत कुटुंबें आणि त्यांतील स्तनाच्या कर्करोगाचे एकशें सेहेचाळीस रुग्ण यांच्या अभ्यासावरून किंग यांनीं दाखवून दिलें कीं, ज्या कुटुंबांत रोग तरुण वयांत होतो त्यांत त्याचें मूळ सतराव्या गुणसूत्राच्या एका भागाशीं निगडित आहे. तेंच पुढें बीआरसीए-१. १९९४ सालीं दुसऱ्या एका संशोधकमंडळानें, अमेरिकेंतील यूटा येथें, तें जनुक प्रत्यक्ष हस्तगत केलें.

या कथेचा आमच्या प्रश्नाशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. आमच्या मतें संबंध अगदीं निकटचा आहे. कोणा एकट्या स्त्रीच्या रक्तांत हें जनुक कधींहि सांपडलें नसतें. बहिणीच्या शेजारीं बहीण, मावशीच्या शेजारीं भाची आणि आजारी स्त्रीच्या शेजारीं निरोगी स्त्री उभी केली तेव्हांच तें दिसूं लागलें. आपल्या आईचें दुखणें ज्यांनीं संशोधकांस सांगितलें, स्वतःस रोग नसतांना ज्यांनीं दंड पुढें केला, त्या शेंकडों नातेवाइकांच्या देण्यांतून हें ज्ञान उभें राहिलें. तेव्हां आज एखादी स्त्री तपासणीचा कागद हातीं घेऊन 'हें माझें खाजगी आहे' असें म्हणते, तें एका अर्थीं खरें असलें तरी संपूर्ण खरें नाहीं. तो कागद अनोळखी कुटुंबांच्या मोकळेपणामुळें तिच्या हातीं आला आहे. आपल्या शास्त्रकारांनीं देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं. पितृऋण संततीनें फिटतें अशी त्यांची समजूत. हें नवें ऋण मात्र वर पितरांकडे किंवा खालीं संततीकडेच जात नाहीं. तें आडवें, भावंडांकडे जातें.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, जें टळावयाचें नाहीं तें सांगून काय साधणार? ज्याच्या त्याच्या कपाळीं लिहिलें असेल तें होईल. या आक्षेपास किंग यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासानें उत्तर दिलें आहे. न्यूयॉर्क येथील, स्तनाचा कर्करोग झालेल्या एक हजार आठ ज्यू स्त्रिया व त्यांचीं कुटुंबें यांचा हा अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ यांतील दोष ज्यांच्या अंगीं आहे अशा स्त्रियांपैकीं १९४० पूर्वीं जन्मलेल्यांना वयाच्या पन्नाशीपर्यंत हा रोग होण्याचा संभव शेंकडा चोवीस होता, आणि १९४० नंतर जन्मलेल्यांना तो शेंकडा सदुसष्ट. ज्या स्त्रिया किशोरवयांत व्यायाम करीत व लठ्ठ नव्हत्या, त्यांच्यांत रोग उशिरां दिसला. जनुकांतील दोष तोच, अक्षरें तींच. पण आजीच्या आणि नातीच्या वांट्यास फळ एकसारखें आलें नाहीं. मग याला कपाळींचा लेख कसें म्हणावें? वारसा म्हणजे शेताचा उतार. पाणी कोणीकडे वाहूं पाहतें तें तो सांगतो. परंतु बांध घालण्यास तो मना करीत नाहीं. हा दोष असलेल्या स्त्रीस विशीच्या उत्तरार्धापासूनच नियमित एमआरआय तपासणी करून घेतां येते. मुलें झाल्यावर, पस्तीस ते चाळीस वर्षांच्या दरम्यान, बीजांडकोश काढून टाकण्याचा सल्ला डॉक्टर देतात. कांहीं स्त्रिया प्रतिबंधक म्हणून स्तनच काढून घेतात. यांतील एकहि मार्ग सुखाचा नाहीं. पण मार्ग आहेत, आणि ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते मोकळे आहेत.

याच अभ्यासांतील आणखी एक गोष्ट मनांत ठेवण्यासारखी आहे. दोष आढळलेल्या स्त्रियांपैकीं सुमारें निम्म्या स्त्रियांच्या कुटुंबांत या रोगाचा फारसा इतिहासच नव्हता; कारण कुटुंबें लहान होतीं, आणि दोष वडिलांकडून आला होता. पुरुषाच्या अंगीं तो निमूटपणें राहतो आणि मुलीपर्यंत पोहोंचतो. म्हणजे ज्या घरीं कोणी आजारी पडलें नाहीं तें घर सुरक्षित असें समजण्यास आधार नाहीं, आणि अशा घरीं नातेवाइकाच्या सांगण्यावांचून सावध होण्यास दुसरें साधनहि नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जाणण्याचा जसा मनुष्यास अधिकार आहे, तसा न जाणण्याचाहि आहे. एखाद्या तरुण मुलीस तिनें न विचारतां तिच्या भविष्याची छाया दाखविणें, ही दया कीं क्रौर्य? इंग्लंडांत या प्रश्नाचा एक खटलाच झाला. एका मनुष्यास हंटिंग्टनचा रोग असल्याचें २००९ सालीं निष्पन्न झालें. हा रोग अपत्यास होण्याचा संभव निम्मा. त्याची मुलगी त्या वेळीं गरोदर होती. तिला सांगूं नये असें त्यानें डॉक्टरांस बजाविलें, व त्यांनीं तें पाळलें. मुलीस पुढें तें अपघातानें कळलें, आणि तपासणींत तिच्यांतहि तो दोष निघाला. २०२० सालीं न्यायालयानें तिचा दावा फेटाळला. परंतु रुग्णाचें गुपित आणि मुलीचें हित यांची तुलना करून पाहण्याचें कर्तव्य डॉक्टरांवर आहे, हें तत्त्व मान्य केलें. आम्हांस या प्रकरणांत डॉक्टरांपेक्षां त्या बापाचेंच अधिक वाईट वाटतें. मुलीला दुःख होऊं नये म्हणून त्यानें मौन धरिलें असेल. पण त्या मौनानें तिचें दुःख कमी झालें नाहीं, फक्त तिची निवड करण्याची वेळ निघून गेली.

तिसरा आक्षेप काकांचा, म्हणजे डाग लागण्याचा. तो हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. तांबड्या पेशींच्याच एका रोगाचा इतिहास त्यास साक्षी आहे. सिकलसेल या रोगांत हिमोग्लोबिनच्या घडणींतील एका बारीकशा फरकामुळें तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. आईबापांपैकीं दोघांकडूनहि दोष आला तर मूल आजारी. एकाकडूनच आला तर तें नुसतें वाहक, आजारी नव्हे. उलट वाहकास हिवतापापासून कांहीं संरक्षण मिळतें, हें ॲलिसन यांनीं १९५४ सालीं आफ्रिकेंतील अभ्यासावरून दाखविलें. तरीहि अमेरिकेंत वाहक आणि रोगी यांतील भेद न ओळखतां निरोगी वाहकांस नोकऱ्या नाकारण्यांत आल्या. वायुदलाच्या अकादमीचीं दारें त्यांना १९८१ पर्यंत बंद होतीं. ग्रीसमधील ऑर्कोमेनॉस या गांवीं लोकांस तपासून, वाहकांनीं वाहकांशीं विवाह करूं नये असा सल्ला दिला गेला. कांहीं वर्षांनीं पाहतात तों असे विवाह कमी झालेले नाहींतच. वाहकांना मात्र कमीपणा आला, आणि कित्येक आपली गोष्ट लपवूं लागले. हा रोग आपल्या विदर्भांत आणि नंदुरबारकडील आदिवासी समाजांत आहे. २०२३ सालच्या जुलै महिन्यांत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा सात कोटि लोकांच्या तपासणीचा संकल्प आहे; तपासलेल्या माणसाच्या हातीं तिचें कार्ड येतें. त्या कार्डाचें ऑर्कोमेनॉस होऊं नये, ही काळजी वाहणें आपणां सर्वांचें काम आहे.

मग निर्णय काय? आम्हांस असें वाटतें कीं, 'सांगणें' या एका शब्दाखालीं आपण दोन अगदीं निराळ्या गोष्टी एकत्र करतों, आणि म्हणून घोंटाळा होतो. एक, ज्याला त्या ज्ञानाचा उपयोग करतां येईल त्याला सांगणें. दुसरी, ज्याला त्यावरून केवळ दुसऱ्याची किंमत ठरवावयाची आहे त्याला सांगणें. पहिलें ऋण आहे. दुसरी चहाडी आहे. सिकलसेलमध्यें विवाहेच्छु वधूवरांनीं एकमेकांस सांगणें हें ऋण, कारण होणारें मूल दोघांचें. बीआरसीए-१ मध्यें भावंडांस आणि चुलत-आते-मावस बहिणींस सांगणें हें ऋण, कारण पावलें त्यांनाच उचलावयाचीं आहेत. विमेवाल्यास, गांवास किंवा मध्यस्थास सांगणें हें कोणाचेंच ऋण नव्हे. काका डागास भीत होते तें ठीक. पण डाग लागतो तो गांवाच्या कानीं गेल्यामुळें, बहिणीनें बहिणीच्या कानीं घातल्यामुळें नव्हे. आणि सांगितल्यावर तपासणी करावी कीं नाहीं, हें ऐकणाऱ्याचें. न जाणण्याचा अधिकार तेथें शाबूत राहतो. जाणण्यासारखें कांहीं आहे, एवढें तरी कळल्यावांचून तो अधिकार बजावतां कसा येणार?

राहिला प्रश्न वेळेचा, आणि येथेंच आमची चूक झाली. कुंतीनें कर्णास त्याचें जन्मरहस्य सांगितलें तें युद्ध दारीं आल्यावर. आणि पांडवांस सांगितलें तें युद्ध संपून मृतांस तिलांजलि देण्याची वेळ आल्यावर. सत्य तेंच, सांगणारी तीच. पण ज्यांना त्या सत्याचा उपयोग करतां आला असता त्यांच्या हातून उपयोगाची वेळ गेल्यावर सांगितलें, म्हणून युधिष्ठिराचा शोक शांत होण्याऐवजीं दुणावला. 'लग्न झाल्यावर सांग' असें आम्हीं म्हणालों तेव्हां लग्नानंतर सांगणें सोपें होईल असें गृहीत धरलें होतें. तें खोटें आहे. लग्नानंतर सासर असतें, मग पहिलें मूल, मग आणखी कांहीं. वडिलांच्या एका भावंडांत व स्वतः वडिलांत दोष; तेव्हां काकांत असण्याचा संभव निम्मा, आणि त्यांच्या मुलींत चारांत एक. ती मुलगी सत्तावीस वर्षांची, म्हणजे डॉक्टर तपासण्या सुरू करावयास सांगतात नेमक्या त्या वयाची. विवाह केव्हां करावा, मूल केव्हां व्हावें, होणाऱ्या पतीस काय सांगावें, हे तिच्या आयुष्यांतील निर्णय. आणि आम्ही व काका मिळून ते तिच्या पाठीमागें घेऊन मोकळे झालों होतों. त्याला आम्हीं दया हें नांव दिलें होतें.

सुमारें वर्षानें ती विद्यार्थिनी पुन्हां घरीं आली. आमचा सल्ला तिनें मानला नव्हता. चुलत बहिणीस एकटीला भेटून तिनें सांगितलें होतें, "माझ्या रक्तांत असें असें निघालें आहे. तुझ्यांत असण्याचा संभव चारांत एक. तपासायचें कीं नाहीं तें तूं ठरव; आणि काय ठरविलेंस तें मला सांगितलें नाहींस तरी चालेल." काका त्यानंतर सात महिने तिच्याशीं बोलले नाहींत, हेंहि तिनें सांगितलें.

बहिणीनें तपासणी केली कीं नाहीं, लग्न ठरलें कीं मोडलें, याविषयीं ती कांहीं बोलली नाहीं. विचारावें असें एकदां आमच्या ओठांवर आलें होतें. पण त्या ज्ञानाचें आम्हांस कांहींच करावयाचें नव्हतें, म्हणून विचारलें नाहीं. मागच्या खेपेस आम्हीं दिलेला सल्ला चुकला होता, एवढें मात्र तिला सांगितलें.